दुसऱ्याच्या गळ्यातलं गाणं

सॅम डीज हे नाव तुम्ही ऐकलं असण्याचं काही कारण नाही. ज्या देशात तो जन्मला आणि गायला तिथेही ते फारसं कुणाला ठाऊक नाही. त्याची गाणी मात्र ठाऊक आहेत. १९८० साली लॅरी ग्रॅहमने गाजवलेलं 'वन इन अ मिलियन यू' त्याचं. पुढच्याच वर्षी अरीथा फ्रँकलिन आणि जॉर्ज बेन्सन यांनी मिळून गायलेलं 'लव्ह ऑल द हर्ट अवे' त्याचं. १९८३ मध्ये ग्लॅडिस नाइटला पुन्हा शिखरावर नेणाऱ्या 'सेव्ह द ओव्हरटाइम'मध्ये त्याचा हात होता, आणि १९९० च्या व्हिटनी ह्यूस्टनच्या अल्बममध्येही त्याचं एक गाणं आहे. यातलं काहीच दुर्मीळ नाही. परदेशातल्या जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडलेल्या खोक्यात हात घातला, तर यातलं एखादं हाताला लागेलच. दुर्मीळ आहे तो त्याचा स्वतःचा आवाज.

हा आवाज आला अलाबामातल्या बर्मिंगहॅमहून. गाव पोलादाच्या भट्ट्यांचं. १९४५ च्या डिसेंबरात डीज तिथे जन्मला. सप्टेंबर १९६३ मध्ये त्याच गावातल्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. जगाला ते गाव या बॉम्बमुळे आणि नागरी हक्कांच्या मोर्च्यांमुळे माहीत झालं, गाण्यामुळे नाही. सोल संगीताच्या नकाशावर डेट्रॉइटला मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी होती, मेम्फिसला स्टॅक्स होती, खुद्द अलाबामातही मसल शोल्स नावाच्या लहानशा वस्तीत जगभरचे गायक येऊन गाऊन जायचे. बर्मिंगहॅमचं असं काही घराणं झालं नाही. तिथे होता 'क्लिनटोन'सारखा गावापुरता लेबल, ज्यासाठी डीजने रोझेटा जॉन्सनला 'अ वुमन्स वे' लिहून दिलं आणि स्वतःही गायला.

त्याच्या रेकॉर्डींची यादी म्हणजे बिऱ्हाडं बदलत फिरणाऱ्या माणसाचे पत्ते. १९६८ मध्ये 'एसएसएस इंटरनॅशनल', मग 'लो लो', मग शिकागोची 'चेस', मग घरचा 'क्लिनटोन', शेवटी बडी 'अटलांटिक'. दर ठिकाणी एखाददोन सात इंची तबकड्या, आणि पुढचा मुक्काम.

अशी तबकडी दुर्मीळ का होते, याचं उत्तर अगदी रुक्ष आहे. लहान लेबल थोड्याच प्रती काढतो. त्यातल्या काही रेडिओवाल्यांना फुकट वाटायच्या असतात. गाणं दोनतीन आठवड्यांत वाजलं नाही तर दुकानदार माल परत पाठवतो आणि परत आलेला माल भंगारात जातो. एलपीचं नशीब थोडं बरं. न खपलेल्या एलपीच्या कव्हरचा कोपरा कापून किंवा त्याला भोक पाडून ती सवलतीत काढली जाते. तो कापलेला कोपरा पाहिला की आम्ही संग्राहक नाक मुरडतो. खरं तर त्या कोपऱ्यामुळेच ती प्रत भट्टीतून वाचलेली असते.

आमची नाकं मुरडण्याची रीत एकूणच पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच सात इंची तबकड्या व्हिनाइलच्या नसून स्टायरीन नावाच्या स्वस्त, ठिसूळ प्लास्टिकच्या असत. रेडिओवरचा निवेदक गाणं नेमकं सुरू व्हावं म्हणून सुई टेकवून तबकडी हाताने मागेपुढे करायचा. स्टायरीनला ते सोसत नाही. मग पहिल्या दोन सेकंदांत कायमची खरखर बसते. बाजारात अशा प्रतीची किंमत उतरते. पण त्या खरखरीचा अर्थ एवढाच, की कुठल्या तरी गावात कुणीतरी हे गाणं खरोखर लावलं होतं. जिला अव्वल दर्जा देऊन आम्ही चौपट पैसे मोजतो ती स्वच्छ, चकचकीत प्रत बहुधा कुणी लावलेलीच नसते.

या तबकड्यांना आज जी किंमत आहे ती अमेरिकेने दिलेली नाही. ती दिली उत्तर इंग्लंडमधल्या कामगार वस्त्यांतल्या पोरांनी. त्यांचे अड्डे म्हणजे नाचाचे क्लब: मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, ब्लॅकपूलचं मेका, १९७३ ते १९८१ चालू राहिलेलं विगन कॅसिनो. आठवडाभर कारखान्यात राबून शनिवारी रात्रभर नाचायचं, आणि तेही अमेरिकेत आपटलेल्या, कुणी न ऐकलेल्या गाण्यांवर. डेव्ह गॉडिन या लंडनच्या दुकानदार-लेखकाने त्याला 'नॉर्दर्न सोल' असं नाव दिलं. डीजचं १९६८ चं 'लोनली फॉर यू बेबी' हे या मंडळींचं लाडकं. एका बर्मिंगहॅममध्ये जन्मलेल्या माणसाची तबकडी दुसऱ्या, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलखातली पोरं पगार खर्चून शोधत होती, आणि त्याला स्वतःला त्यातून एक पै मिळत नव्हती. जुन्या मालाच्या विक्रीत गायकाचा वाटा नसतो.

या मंडळींच्या प्रेमाला एक विचित्र खोड होती. एखादी अप्रतिम तबकडी एकट्याच्या हाती लागली, की तो डीजे तिच्या लेबलवर कागद चिकटवायचा आणि गाण्याला व गायकाला खोटी नावं द्यायचा. हेतू हा, की प्रतिस्पर्ध्याला दुसरी प्रत शोधता येऊ नये. म्हणजे ज्याच्यावर जीव ओवाळून टाकायचा त्याचंच नाव पुसायचं. फ्रँक विल्सन हा मोटाऊनचा गीतकार-निर्माता. त्याने १९६५ मध्ये स्वतः गायलेलं 'डू आय लव्ह यू' बाजारात येण्याआधीच रद्द झालं आणि प्रती नष्ट केल्या गेल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. सत्तरच्या दशकात त्या गाण्याच्या चोरट्या प्रती निघाल्या, त्या एडी फॉस्टर या भलत्याच गायकाच्या नावावर. २००९ मध्ये मूळ तबकडीची एक प्रत पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली आणि २०२० मध्ये एक प्रत एक लाख पौंडांना. विल्सन पुढे धर्मोपदेशक झाला. २०१२ मध्ये तो वारला; एक लाखाचा सौदा त्याने पाहिलाच नाही. त्याआधीचं सगळं तो कुठल्या नजरेने पाहत असेल कोण जाणे.

आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांचे दर्दी इथे हसतील. गौहरजानपासून कितीतरी कलावंत गाणं संपताच खणखणीत आवाजात स्वतःचं नाव पुकारत. कारण साधं होतं. मेणावरचं ध्वनिमुद्रण जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचं, आणि तिथल्या कारागिराला लेबलवर कुणाचं नाव छापायचं ते कळायला हवं. नाव गाण्यातच कोरलेलं असलं, की वरून कितीही कागद चिकटवा.

तर डीज. त्याला 'उपेक्षित' म्हणायची आम्हा संग्राहकांना सवय आहे, आणि त्या शब्दाचा मला अलीकडे कंटाळा आला आहे. उपेक्षा झाली ती गायकाची. लेखकाचं बरं चाललं होतं. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की मानधन मिळतं ते ते रचणाऱ्याला आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला तिथून छदामही मिळत नाही. म्हणजे 'वन इन अ मिलियन यू' दर वेळी रेडिओवर लागलं की त्या वाजण्याचे पैसे गाणाऱ्या ग्रॅहमला नाही, घरी बसलेल्या डीजला. आम्ही मात्र त्याच्यासाठी हळहळत बसतो. ही हळहळ आमच्या सोयीची आहे. तो उपेक्षित राहिला तरच आमचा शोध मोठा.

त्याचा 'द शो मस्ट गो ऑन' हा अल्बम अटलांटिकने १९७५ मध्ये काढला आणि तो खपला नाही. त्या वर्षी बाजार डिस्कोकडे वळत होता आणि हा माणूस रस्त्यावर वाढणाऱ्या पोरांबद्दल आणि झिजून गेलेल्या काळजांबद्दल संथ लयीत बोलत होता. अल्बम उत्तम आहे. पण माझा जीव जास्त रमतो तो त्याच्या डेमोंमध्ये. लंडनच्या केंट या लेबलने त्याच्या सत्तरच्या दशकातल्या अशा ध्वनिमुद्रणांचं 'इट्स ओव्हर' नावाचं संकलन काढलं आहे. डेमो म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना. एखाद्या मोठ्या गायिकेने हे गाणं घ्यावं म्हणून लेखक ते स्वतः गाऊन दाखवतो. लोकांसाठी ते नसतंच. एरवी गायक रेकॉर्डवर जे काही करतो ते श्रोत्याला जिंकण्यासाठी. डेमोत डीजला श्रोत्याला नव्हे, दुसऱ्या गायकाला पटवायचं असतं. मग ठेवणीतल्या हरकती बाजूला राहतात आणि शब्द कुठे थांबवायचा, कुठे श्वास घ्यायचा, एवढंच तो दाखवतो. गंमत अशी, की त्या दाखवण्यातच गाणं पुरं होऊन जातं.

'द शो मस्ट गो ऑन' हे गाणं त्याच वर्षी लोलियाटा होलोवेनेही गायलं. ती गॉस्पेलमधून आलेली, भिंती हलवणाऱ्या आवाजाची बाई. तिच्या गाण्यात दुःखाला रंगमंच मिळतो. डीज तेच शब्द जवळजवळ बोलल्यासारखे टाकतो, आणि कडव्याच्या शेवटी जिथे ती वर उसळते तिथे तो खाली उतरतो. होलोवे ऐकताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. डीज ऐकताना मात्र हा पुढची ओळ म्हणणार की इथेच उठून जाणार, अशी धाकधूक लागून राहते.