सुपातलं भात

सकाळी नांद्याहून निघाले की पुण्यात लॅबला पोचेपर्यंत माझं सगळं लक्ष फोनकडे असतं. “गाठ निघाली,” एवढाच निरोप येतो. म्हणजे ऑपरेशन झालं, आणि स्तनाच्या गाठीचा तुकडा बर्फाच्या डब्यातून आमच्याकडे निघाला. पुण्यात आयसर आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन यांनी मिळून अशा गाठींची बायोबँक उभी केली आहे. तिथे गाठी जपून ठेवतात. आमच्या पद्धतीला मात्र ताजाच तुकडा लागतो, कारण पेशी जिवंत हव्यात.

तुकडा हरभऱ्याएवढा. ब्लेडने बारीक चिरायचा, एन्झाइममध्ये ३७ अंशांवर हलवत ठेवायचा, मग ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचा. त्यातला थेंबभर रंगात मिसळून मायक्रोस्कोपखाली बघायचा. मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत स्वच्छ चमकतात. शंभरातल्या ऐंशी तरी चमकायला हव्यात. मग यंत्र तेलातल्या एकेका थेंबात एकेक पेशी बसवतं आणि तिच्या आरएनएला तिचा बारकोड लावतं. हजारो पेशी, आणि प्रत्येकीचं वाचन वेगळं.

“एवढं कशाला?” आईने विचारलं, तेव्हा ती भाताचं बियाणं निवडत होती. आंबेमोहोरात दुसऱ्या भाताचा दाणा आला तर सुपात तिला लगेच दिसतो. तेच दळून आणलं, तर पीठ सगळं सारखंच. आधी गाठ अशी दळूनच वाचायचो, मी म्हटलं. औषधाला दाद न देणाऱ्या चार पेशी त्या पिठात दिसायच्याच नाहीत. अमेरिकेत २०११ मध्ये निकोलस नॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठीतल्या एकेका पेशीचा डीएनए वाचून गाठीची वंशावळच मांडली. आई गप्प झाली. आत्यालाही स्तनाची गाठ होती. तिचं ऑपरेशन, केमो सगळं नीट झालं होतं. दोन वर्षांनी आजार यकृतात निघाला, आणि ती गेली.

गेल्या पावसाळ्यात एक तुकडा वाया गेला. डबा उशिरा आला, निम्म्याहून जास्त पेशी निळ्या. तो तुकडा ज्या मावशींचा, त्यांचं संमतिपत्र मीच भरून घेतलं होतं. ही तपासणी अजून संशोधनापुरती आहे, तुमच्या औषधात हिच्यामुळे फरक पडणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. “लेकीला विचारलंय मी. दे म्हणाली,” असं म्हणून त्यांनी एकेक अक्षर जपून लिहीत सही केली.

आता डबा येणार असला की मी छत्री घेऊन गेटवरच जाऊन थांबते.