‘कागदपत्रं’ म्हणजे नेमकं काय?

इच्छापोरहून हजिऱ्याकडे जाताना टाक्या, पाइप आणि लोखंडी सांगाडे लादलेले ट्रेलर आपण रोज बघतो. त्या प्रत्येक मालाबरोबर फायलींचा एक गठ्ठाही जातो: ड्रॉइंग, मटेरियलचे टेस्ट सर्टिफिकेट, वेल्डिंगच्या नोंदी, तपासणीचे रिपोर्ट, मॅन्युअल. या गठ्ठ्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. कोणता कागद आला, कोणता राहिला हे दाखवण्यासाठी सॉफ्टवेअरला आधी यादी लागते आणि ती करारातून काढायची असते. बऱ्याच करारांत ती नसतेच. असते फक्त एक ओळ: ‘कम्प्लीट डॉक्युमेंटेशन दिल्यावर उरलेले 10 टक्के मिळतील.’

या एका ओळीची किंमत मला आमच्या ओळखीतल्या एका काकांमुळे कळली. खानदेशातून सुरतेला आले, आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग केलं, मग स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. एका मोठ्या कारखान्याची ऑर्डर त्यांनी वेळेत पूर्ण केली. माल बसला, चालूही झाला. पण शेवटचे 10 टक्के अडकले. छोट्या वर्कशॉपचा नफा बहुतेक वेळा तेवढाच असतो.

“माल चालतोय ना? मग पैसे कसले अडवतात?” काका विचारायचे.

त्यांच्या लेखी कागदपत्रं म्हणजे बिल, टेस्ट सर्टिफिकेट आणि वॉरंटीचं पत्र. समोरच्याला हवी होती ॲज-बिल्ट ड्रॉइंग, तीही कॅडच्या मूळ फाइलमध्ये. शिवाय प्रत्येक प्लेटचं 3.1 सर्टिफिकेट आणि मॅन्युअलचे तीन छापील संच. खोटं कोणीच बोलत नव्हतं. एकाच शब्दाचे दोघांनी दोन अर्थ धरले होते.

हे भांडण जुनं आहे, आणि त्यातल्या एका प्रसिद्ध खटल्यात आपल्या सुरतेचं नाव आहे. 1864 मध्ये इंग्लंडच्या कोर्टात रॅफल्स विरुद्ध विकेलहाउस हा खटला चालला. सौदा होता सुरती कापसाच्या 125 गाठींचा, मुंबईहून ‘पीअरलेस’ जहाजाने येणाऱ्या. गंमत अशी की पीअरलेस नावाची दोन जहाजं मुंबईहून निघाली होती, एक ऑक्टोबरमध्ये, दुसरं डिसेंबरमध्ये. घेणाऱ्याच्या मनात पहिलं होतं, विकणाऱ्याने दुसऱ्यावरचा माल देऊ केला. निकाल घेणाऱ्याच्या बाजूने लागला. आजही कायद्याचे विद्यार्थी हा खटला शिकतात.

आपल्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 29 हेच सांगतं: ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. कायद्यातलंच उदाहरण आहे. ‘शंभर टन तेल’ विकायचं ठरलं, पण कोणतं तेल ते कुठेच कळत नाही, तर करार टिकत नाही. विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल, तर मात्र त्याच्या धंद्यावरून अर्थ कळतो आणि करार टिकतो. ‘कम्प्लीट डॉक्युमेंटेशन’मुळे सगळा करार सहसा बुडत नाही, पण धंद्यावरून अर्थ काढायचा म्हटलं की दोन्ही बाजू आपापली रीत सांगतात आणि पैसा तिथेच थांबतो.

म्हणून शब्द आधीच बांधून घ्यावे लागतात. तीन उदाहरणं देतो.

‘टेस्ट सर्टिफिकेट’ हा शब्द एकटा अपुरा आहे. ईएन 10204 या युरोपीय मानकात त्याचे प्रकार ठरलेत. 2.1 म्हणजे माल ऑर्डरप्रमाणे आहे एवढंच उत्पादकाचं निवेदन. त्यात चाचणीचे आकडे नसतात. 3.1 मध्ये पुरवलेल्या मालाच्याच चाचणीचे आकडे असतात आणि सही उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या तपासणी अधिकाऱ्याची. 3.2 मध्ये त्याच्या जोडीला ग्राहकाच्या किंवा सरकारी नियमांनी नेमलेल्या तपासनिसाचीही सही. करारात फक्त ‘3.1’ लिहिलं की वाद संपतो.

‘ॲज-बिल्ट’ म्हणजे प्रत्यक्षात जसं बनलं तसं ड्रॉइंग. पण छापील प्रतीवर लाल पेनने केलेले बदल चालतील, की नव्या रिव्हिजनने पुन्हा काढायचं? पीडीएफ की कॅड? दोन्हींच्या खर्चात खूप फरक आहे.

‘अप्रूव्ह्ड’ तर फारच फसवा. ‘पाहिलं’, ‘शेऱ्यांसह मंजूर’ आणि ‘मंजूर’ हे तीन वेगळे शिक्के असतात. कोणत्या शिक्क्यावर काम सुरू करायचं आणि कोणत्यावर पैसे मिळायचे, हे करारात हवं. ग्राहकाने ठरावीक दिवसांत उत्तर दिलं नाही तर काय, हेही हवं.

व्याख्या नेमकी असली की काय होतं, याचा नमुना 2006 च्या एमएसएमई कायद्यात आहे. माल ‘स्वीकारला’ म्हणजे काय, ते तिथे लिहिलंय: माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तो दिवसच स्वीकृतीचा. नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला त्यानंतर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज.

काकांना हरकतीचं पत्र आलं होतं चाळिसाव्या दिवशी. मी हे कलम दाखवलं तेव्हा ते हसले. “बरोबर आहे रे बेटा. पण पुढची ऑर्डरही त्यांच्याकडूनच घ्यायची ना?” तक्रार करायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. मग दोन रविवार बसून आम्ही यादी केली: कागदाचं नाव, फाइलचा प्रकार, प्रती, कोणाची सही. ‘एवढं दिलं की डॉक्युमेंटेशन पूर्ण, असं लेखी कळवा’ म्हणून पत्र पाठवलं. दोन बदल करून यादी मान्य झाली, पुढे पैसेही आले. ड्रॉइंग पुन्हा काढण्याच्या मजुरीत नफ्याचा बराच भाग गेला. आता प्रत्येक ऑर्डरला ती यादी काका कोटेशनलाच जोडतात.

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत असे काका, मामा, बाबा आहेत. हातात कसब आहे, पण इंग्रजी कराराची पंधरा पानं समोर आली की शेवटच्या पानावर सही होते. आपण ती पंधरा पानं वाचू शकतो. पुढची ऑर्डर येईल तेव्हा त्यांच्याबरोबर तासभर बसा. दर बघायला ते समर्थ आहेत. तुम्ही ‘डेफिनिशन्स’चं पान उघडा, आणि पैशाच्या अटीत आलेला प्रत्येक शब्द त्या पानावर आहे का ते बघा. नसेल, तर सहीआधी विचारून लेखी घ्या. तेव्हा ते फुकट मिळतं.