गाडीची उंची

रत्नागिरीकर माणूस कशावरही पटकन खूश होत नाही. समुद्र आहे, तर हवा दमट. हापूस आहे, तर यंदा मोहोर कमी. कोकण रेल्वे आली, तर स्टेशन गावाबाहेर. तेव्हा सेकंडहँड पिकअप दारात उभी राहिल्यावर आमच्या भाच्याने तिच्याभोवती एक फेरी मारून "बुटकी आहे," असा शेरा मारला, तो घराण्याच्या रीतीला धरूनच होता.

भाचा बागायतदार. गाडीचं काम एवढंच, की कातळावरच्या बागेतून आंबा खाली आणायचा आणि हंगामात वाशीच्या बाजारात पोचवायचा. पण त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअप पाहिल्या होत्या. तिकडे म्हणे माणसं गाडी वीतभर वर उचलतात, खाली हत्तीच्या पायाएवढे टायर घालतात आणि स्वतः धडपडत आत चढतात. इतकं करून हौद्यात काय, तर पुष्कळदा काहीच नाही!

भाच्याने वहीत योजना आखली. मागच्या कमानीला दोन जादा पाटे, पाटे आणि आसाच्या मधे लोखंडी ठोकळे, आणि २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ चे टायर.

"मामा, बघच तू, गाडी कशी दिसेल!"

टायरवरचे आकडे कुंडलीतल्या ग्रहांसारखे दिसतात, पण त्यांच्यापेक्षा खरं बोलतात. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा, रबराची उंची रुंदीच्या शेकडा किती ते. शेवटचा रिमचा, इंचांत. मी कागदावर मांडलं. जुना टायर सुमारे ७०३ मिलिमीटर उंच, नवा ७३३. वाढ ३० मिलिमीटर, आणि त्यातली निम्मीच आसाखाली येणार. म्हणजे चार टायरांचे पैसे मोजून गाडी वर जाणार १५ मिलिमीटर! एवढी उंची आमच्या हिच्या चपलेच्या टाचेला फुकट मिळते. शिवाय काटा ६० दाखवील तेव्हा गाडी बासष्टच्या वर पळत असणार. ठोकळ्यांनी उचलला जातो तो हौदा. डिफरन्शियलचा जो गोळा दगडाला घासतो, तो आहे तिथेच.

आकडेमोडीने भाचा बधला नाही. मिस्त्रींनी मात्र चहा संपेपर्यंत वही पाहिली आणि विचारलं, "आंबा कशानं काढता?"

"झेल्यानं."

"कशाला? काठीनं पाडा की!"

"अहो, आपटेल ना!"

"मग हे पाटे दुसरं काय करणार?"

पाटे वाढले की कमान कडक होते. पूर्ण ओझ्याखाली ते खपून जातं. पण गाडी अर्धी भरलेली असली की प्रत्येक खड्डा थेट पेटीपर्यंत पोचतो. देठासकट अलगद उतरवलेलं फळ वाशीपर्यंत उड्या मारत जाणार. आपटलेला आंबा वरून साळसूद दिसतो. डाग उमटतो तो पिकताना, आणि तोवर भाव हातचा गेलेला असतो. वर्षभराची फवारणी, राखण, मजुरी सगळी त्या पेट्यांत बसलेली असते. त्यात गाडीचा भार जितका उंच, तितकी ती घाटाच्या वळणावर कलणार. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहेच: नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच बजावलं.

भाचा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घेतले. उरलेल्या पैशांत चिरेखाणीतले जांभ्याचे तुकडे आणून बागेच्या वाटेवरच्या चाकोऱ्या भरून काढल्या. गोळा घासायचा थांबला.

गाडी १५ मिलिमीटर वर नेण्याऐवजी रस्ताच वीतभर वर आणायचा, ही युक्ती अमेरिकेत कुणाला सुचली नसावी. जवळपास चिरेखाण नसेल, दुसरं काय!