कागदाची साक्ष

माहेरी, घरामागच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर, मृगाचा पाऊस पडला की पंधरा दिवसांत नेचे उगवतात. आषाढात गडगा हिरवागार होतो, भाद्रपदात पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके धरतात आणि दिवाळीच्या सुमारास सगळं वाळून जातं. मला या नेच्यांचे ठसे हवे होते. रसायन लावलेल्या कागदावर पान ठेवायचं, वर काच दाबायची, उन्हात धरायचं, मग पाण्यात धुवायचं. पानाच्या जागी पांढरं उरतं, बाकी सगळं गर्द निळं. या छपाईला सायनोटाइप म्हणतात, आणि तिला ऊन लागतं. कोकणात नेचे असतात तेव्हा ऊन नसतं आणि ऊन येतं तेव्हा नेचे नसतात. पान वहीत दाबून ठेवावं तर ते ठिसूळ होतं, कोंबाची ती गोगलगायीसारखी गुंडाळी हात लावताच मोडते. म्हणून मी पुण्याच्या घरी अतिनील किरणांची पेटी बांधायला घेतली.

ही पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स यांनी तिथल्या समुद्रशेवाळांचे ठसे याच रीतीने छापायला सुरुवात केली आणि पुढे १८५३ मध्ये ॲन डिक्सन या मैत्रिणीबरोबर नेच्यांचा संग्रह केला. इंजिनिअरांच्या कचेऱ्यांतले निळे नकाशेही याच रसायनाचे. ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द तिथूनच आला. कृती सोपी आहे. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही सारखी मिसळायची आणि पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात रुंद ब्रशने कागदावर फिरवायची. किरण पडले की लोहाचं रूप पालटतं, ते फेरिसायनाइडशी जुळतं आणि पाण्यात न विरघळणारा निळा रंग कागदाच्या तंतूंत बसतो. जिथे किरण पोचले नाहीत तिथलं रसायन पाण्याबरोबर निघून जातं. हे काम करणारे किरण साधारण ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात असतात. आपली नजर जिथे सुरू होते, जवळपास तिथेच तो पट्टा संपतो.

हे वाक्य मी पुस्तकात कितीदा तरी वाचलं होतं. पण त्याचा अर्थ समजला तो पेटी बांधताना.

सुतारमामांनी १८ मिमी प्लायची पेटी करून दिली. आत दोन फुटी, १८ वॅटच्या आठ काळ्या ट्यूब ओळीने बसवल्या, दोन ट्यूबच्या मध्यांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवून. चोक सगळे पेटीबाहेर, कारण ते तापतात. वायरमनने जोडणी पुरी करून बटण दाबलं आणि तो गोंधळलाच. आत जेमतेम जांभळट उजेड. “ताई, याच्यापेक्षा झिरोचा बल्ब बरा,” तो म्हणाला. त्याच्या पांढऱ्या शर्टाची बाही मात्र पेटीशेजारी निळसर पांढरी झळाळत होती. कपडे धुण्याच्या पावडरीत असलेलं उजळवणारं द्रव्य हे किरण शोषून घेतं आणि डोळ्यांना दिसेल असा उजेड परत देतं. पेटीत काय चाललंय हे आम्हाला त्या बाहीने सांगितलं.

पहिली चाचणी मी पान न ठेवता घेतली. रसायन लावलेला अख्खा कागद काचेखाली ठेवला आणि निळा अर्धवटच उतरेल इतका वेळ पेटी चालू ठेवली, कारण पूर्ण गडद झालेल्या कागदावर कमी-जास्त कळत नाही. धुतल्यावर कागदावर आठ गडद पट्टे उमटले, मधे आटलेल्या उजेडाच्या फिकट वाटा. ट्यूब काचेपासून ३ सेंटिमीटरवर होत्या. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा काचेवरचा जांभळा उजेड मला सपाट वाटला होता. सुतारमामांनी चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून काच उचलली, अंतर ८ सेंटिमीटर झालं आणि पट्टे नाहीसे झाले. तेव्हा एक नियम ध्यानात बसला: दोन ट्यूबमधल्या अंतरापेक्षा ट्यूब आणि कागद यांतलं अंतर जास्त हवं. एका दिव्यापासून दूर गेलं की उजेड झपाट्याने घटतो, पण ट्यूबची अशी सलग ओळ असली की थोडं मागे सरल्याने फारसं काही जात नाही.

पट्टे गेले तरी कोपरे फिकेच राहिले आणि वेळही फार लागत होता, २० मिनिटं. पेटी आतून पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवली होती, उजेड परतावा म्हणून. पांढऱ्यापेक्षा जास्त उजेड कोण परत देणार? पण पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि ते दिसणारा उजेड जेवढा परतवतं तेवढेच अतिनील किरण गिळतं. माझ्या डोळ्यांना लख्ख पांढरी असलेली ती पेटी या किरणांच्या लेखी काळीकुट्ट होती. स्वयंपाकघरातून पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल आणली, सुरकुत्या काढून पेटीच्या आत चिकटवली. कोपरे भरून आले आणि २० मिनिटांचं काम १४ मिनिटांत व्हायला लागलं.

मग काच बदलली. पहिली काच पातळ होती, दाबताना तडकेल अशी भीती वाटायची. काचेच्या दुकानात मी भक्कम काच मागितली. दुकानदाराने दोन थरांची लॅमिनेटेड काच दिली. फुटली तरी तुकडे उडत नाहीत. स्वच्छ, नितळ काच. त्या दिवशी गडग्यावरून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं शेवटचं ताजं पान मी तिच्याखाली ठेवलं. चौदा मिनिटांनी कागद उचलला तर तो जसाच्या तसा हिरवट पिवळा. पाण्यात घातल्यावर सगळं रसायन निघून गेलं आणि फिकट आकाशी डागाखेरीज काही उरलं नाही. पान तोवर कोमेजून गेलं होतं. पुन्हा माहेरी जाणं होईपर्यंत श्रावण उजाडला.

पान वाया गेलं त्याच रात्री मी कागदाच्या एका लांब पट्टीवर घरातल्या पारदर्शक वस्तू मांडल्या: साध्या काचेचा तुकडा, लॅमिनेटेड काचेचा कोपरा, ॲक्रिलिकची पट्टी, प्रिंटरची प्लास्टिक फिल्म, माझा चष्मा. साध्या काचेखाली निळा जवळजवळ पूर्ण उतरला. लॅमिनेटेड काचेखाली काही नाही. दोन काचांच्या मधला प्लास्टिकचा थर किरण अडवून धरतो. आणि चष्म्याच्या जागी दोन पांढरेशुभ्र लंबगोल. ज्या भिंगांतून मी अवघं जग पाहते, त्यांतून हा उजेड पलीकडे जातच नाही. ती पट्टी मी पेटीच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवली आहे.

पांढरं काळं निघालं, नितळ आंधळं निघालं. प्रत्येक वेळी माझा डोळा चुकला आणि प्रत्येक वेळी कागद बरोबर होता. मग आठवलं की या किरणांचा शोधही असाच लागला होता. १८०० साली विल्यम हर्शेल यांना, म्हणजे सायनोटाइपवाल्या जॉनच्या वडिलांना, वर्णपटात तांबड्याच्या अलीकडे न दिसणारी उष्णता सापडली. ते वाचून जर्मनीत योहान रिटर यांनी १८०१ मध्ये वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे, सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद धरला. तिथे काहीच दिसत नव्हतं आणि कागद तिथेच सर्वांत झपाट्याने काळा पडला. अतिनील किरण माणसाला पहिल्यांदा कागदाने दाखवले.

तेव्हापासून मी पेटीपुढे कागदालाच विचारते. नवा कागद किंवा नवं रसायन आणलं की आधी २१ पायऱ्यांची फिल्मपट्टी छापते. तिच्या दर दोन पायऱ्यांना उजेड निम्मा होतो. पहिल्या दोन पायऱ्या सारख्याच गडद दिसू लागतात तो वेळ त्या कागदाचा. पेटी पाच मिनिटं आधी चालू ठेवते, कारण ट्यूब गरम होऊन स्थिरावायला वेळ घेतात. आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याच कागदाची एक पट्टी, तेवढाच वेळ, मागे तारीख घालून वहीत चिकटवते. ट्यूब म्हाताऱ्या होतात तेव्हा त्यांचा जांभळा उजेड तसाच दिसतो, पण आतले किरण ओसरत जातात. दोन वर्षांत माझी १४ मिनिटं १७ झाली. वही नसती तर तो दोष मी रसायनावर, पाण्यावर, पावसाळी हवेवर घातला असता.

उन्हाची बरोबरी पेटी एका बाबतीत करू शकत नाही. सूर्य आकाशात लहानसा दिसतो, त्याची सावली धारदार पडते. पेटीत किरण चहूकडून येतात आणि पान कागदापासून जरा उचललेलं असलं की त्याखाली शिरतात. दोन मिलिमीटरची फट राहिली तरी कडा धुरकट होते. म्हणून पान रात्रभर वर्तमानपत्रात, वर पाटा ठेवून चपटं करते. कागदाखाली फोम घालते आणि काचेला चारी बाजूंनी क्लिपा लावते. कोंबाची गुंडाळी मात्र दाबत नाही. तिची कडा हलकेच विरते, तो भाग कागदातून वर उचलल्यासारखा दिसतो. ती मऊ कडा मला पेटीनेच दिली आणि आता मी ती मुद्दाम ठेवते.

असं काम करू पाहणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगते. करोनाच्या काळात जंतू मारायच्या ट्यूब बाजारात आल्या, दिसायला अशाच. त्या २५४ नॅनोमीटरच्या. त्यांचे किरण साध्या काचेतून जात नाहीत, म्हणजे छपाईला निरुपयोगी, आणि डोळ्यांना व कातडीला भाजून काढतात. त्या वापरू नका. आपल्या कामाच्या ट्यूबकडेही टक लावून पाहू नका. दिपत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि धोका तिथेच आहे. माझ्या पेटीचं झाकण उघडलं की बटण आपोआप बंद होतं. ते बटण मी सर्वांत आधी बसवायला हवं होतं.

गेल्या कार्तिकात माहेरी गेले तेव्हा गडगा सुका पडला होता. सकाळी आठचं ऊन अंगणभर पसरलेलं, कोवळं, सोनेरी. पूर्वी अशा उन्हाला मी लगेच फ्रेम घेऊन बाहेर पडले असते. त्या दिवशी आधी कागदाची एक पट्टी पायरीवर ठेवली आणि बारा वाजता दुसरी, दोन्ही पाच-पाच मिनिटं. धुतल्यावर सकाळची पट्टी फिकी राहिली, दुपारची गर्द झाली. सूर्य खाली असताना किरणांना हवेचा लांब पल्ला ओलांडावा लागतो आणि त्या वाटेत हाच उजेड सर्वांत जास्त गळतो. इतकी वर्षं मी अंगणातलं ऊन पाहत होते. त्यात किती उजेड दिसत नाही, हे मोजायला पेटीपाशी शिकले.

दोन्ही पट्ट्या वाळल्यावर वहीत लावल्या. त्यांच्या समोरच्या पानावर आषाढातला नेचा आहे. मागे पेन्सिलीने लिहिलंय: गडगा, ताजं पान, पेटी, १४ मिनिटं.