अलीकडचे आणि पलीकडचे



आमच्या बिदर-भालकी भागात 'पलीकडे' म्हटलं की महाराष्ट्र, हे कुणाला सांगावं लागत नाही. 'पोरगी पलीकडे दिली' म्हणजे उदगीर, निलंगा नाहीतर अहमदपूरला दिली. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हे तिन्ही तालुके आमच्याच बिदर जिल्ह्यात होते, हैदराबाद राज्यात. दुसऱ्या दिवशी नवी राज्यं झाली. भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले, उदगीर मुंबई राज्यात गेलं. माझी आत्या उदगीरला नांदत होती. ती जागची हलली नाही, पण एका रात्रीत पलीकडची झाली. मी तेव्हा सहा वर्षांचा. दिवाळीला तिच्याकडे गेलो तर तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आले गं तुझे पलीकडचे." म्हणजे तिकडून बघितलं तर पलीकडचे आम्हीच!

हे सांगायचं कारण एक इंग्रजी शब्द. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नातीनं 'सिसजेंडर' असं लिहिलं आणि दोन-तीन ज्येष्ठ मंडळी तापली. "आम्ही साधी सरळ माणसं, आम्हाला कशाला हे लेबल?" एकांना तर ती शिवीच वाटली. मी बी.कॉम.चा माणूस, आयुष्य लेजरमध्ये गेलं. पण एन्ट्री कळली नाही की मूळ व्हाउचर काढून बघायचं, ही सवय काही जात नाही. म्हणून शोधलं.

'सिस' हे लॅटिन. अर्थ साधा, 'अलीकडचा'. 'ट्रान्स' म्हणजे 'पलीकडचा'. आल्प्स पर्वताच्या अलीकडच्या प्रदेशाला रोमन लोक सिसाल्पाइन गॉल म्हणत. आज ती उत्तर इटली आहे. आपल्याकडे इंग्रजांनी सतलजच्या दक्षिणेकडच्या पतियाळा, नाभा, जिंद या संस्थानांना सिस-सतलज संस्थानं म्हटलं, कारण ते दिल्लीकडून बघत होते. लाहोरला बसलेल्या रणजितसिंहांना तीच संस्थानं पलीकडे. रसायनशास्त्रातही ही जोडी आहे. तेलाच्या पिशवीवर 'ट्रान्स फॅट' लिहिलेलं असतं, ते त्यातलंच. आणि आम्हा बँकवाल्यांची ट्रान्सफर? तिचा मूळ अर्थच 'पलीकडे नेणं'. तो मात्र आम्ही शब्दकोश न उघडता शिकलो.

आपल्या भाषांना हे नवीन नाही. ऐलतीर-पैलतीर आपण म्हणतोच. आमच्या कन्नड शेजाऱ्यांचं 'ईचे' म्हणजे अलीकडे आणि 'आचे' म्हणजे पलीकडे. गंमत अशी की मराठी 'अलीकडे' जसं जागेलाही चालतं आणि काळालाही, तसंच कन्नडचं 'ईचेगे'. संस्कृतात अलीकडचा काठ तो 'अवार', पलीकडचा तो 'पार'. दोन्ही मिळून पारावार. आनंदाला पारावार नाही म्हणतो, तेव्हा त्याला ना हा काठ ना तो, असंच म्हणत असतो. ट्रान्सजेंडरला मराठीत 'पारलिंगी' म्हणतात, त्यातलाही 'पार' हाच.

आता माणसांकडे येऊ. जन्मल्यावर दाईनं किंवा डॉक्टरनं मुलगा म्हणून सांगितलं आणि मोठेपणी स्वतःलाही पुरुषच वाटतं, तो सिसजेंडर. बाईचंही तसंच. ज्याचं हे जुळत नाही तो ट्रान्सजेंडर. कोणाचं कोणावर मन बसतं, त्याचा इथे संबंध नाही. १९९१ साली जर्मन अभ्यासक फोल्कमार झिगुश यांनी 'सिस' लावून असा शब्द केला, त्याच दशकात इंग्रजीत सिसजेंडर आला आणि २०१५ ला ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात नोंदला गेला. यात शिवी कुठे आहे? तुम्ही या काठावर आहात, एवढंच तो सांगतो. एकाच काठाला नाव असलं, तर दुसऱ्या काठाचे आपण म्हणजेच नदी, असं समजून बसतात.

नाव नसलं की काय होतं, ते मी काउंटरवर पाहिलंय. १९८० च्या सुमारास आमच्या एका शाखेत एक तृतीयपंथी खातेदार होती. फॉर्मवर रकाने दोनच, पुरुष आणि स्त्री. मॅनेजरसाहेब म्हणाले, रेशनकार्डावरचं नाव लिहा. खातं उघडलं, पण पैसे घ्यायला ते पुरुषी नाव पुकारलं की ती बाकावरून उठायचीच नाही. बाकीचे खातेदार हसायचे. मग मी तिचं नाव घेणंच सोडलं, नुसता पितळी टोकनचा नंबर पुकारायचो. लगेच उठून यायची. जाताना "येते साहेब" म्हणायची.

सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १५ एप्रिल २०१४ ला. आपण कोण, हे सांगायचा हक्क ज्याचा त्याला मिळाला. २३ एप्रिल २०१५ ला रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना फॉर्ममध्ये तिसरा रकाना घालायला सांगितलं. तोवर मी रिटायर झालो होतो. आपल्या कर्नाटकात जानपद अकादमीच्या अध्यक्षा झालेल्या मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यातल्याच कितीतरी जणांनी त्यांचे फोटो पुढे पाठवले होते.

पण घरातला विषय आला की हात आखडतो. वैशाखात माझ्या पुतण्याच्या मुलीचं लग्न आहे. आमच्या चुलत भावाच्या घरी ज्याचं बारसं मुलगी म्हणून झालं, तो आज चोवीस वर्षांचा तरुण आहे, पुण्यात नोकरी करतो. पत्रिकेत सगळ्या भावंडांची नावं आहेत. काही जण म्हणाले, त्याचं जुनं नाव टाका, नाहीतर वगळा. त्याच्या आईचा मला फोन आला. भांडण नाही, रडणं नाही, एवढंच विचारलं, "काका, आम्ही यायचं ना?"

मंडळी, १ नोव्हेंबर २०१४ ला गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. जन्मभर गुलबर्गा म्हणणाऱ्यांनी पत्ते बदलले, पेन्शनच्या कागदावर नवं नाव लिहिलं, कुणाची अब्रू गेली नाही. गावाचं नाव बदललेलं चालतं, मग आपल्याच लेकराचं का चालू नये? घरातला थोरला म्हणून पत्रिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं होतं. त्याचं आताचं नाव भावांच्या ओळीत घालून मी ते काल भालकीच्या छापखान्यात दिलं. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी माझ्याशी बोलावं, त्या पोराशी नाही. आणि लग्नाला सगळ्यांनी यायचं, अलीकडच्यांनी आणि पलीकडच्यांनीही.