न सोडलेलं अस्त्र

मे महिन्यात सोलापूरचं आभाळ निळं राहत नाही. ते पांढुरकं, तापलेलं, डोळ्यांना झोंबणारं होतं, आणि संध्याकाळी नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानांवरून ऊन सरकत सरकत वर गेलं, की लग्नाच्या बस्त्याला आलेली खेड्यापाड्यांतली माणसं, रिक्षांचे भोंगे, मराठी-कानडी-तेलुगूचा एकात एक मिसळलेला गलका हे सगळं खाली सावलीत राहतं आणि समोरासमोरच्या दोन इमारतींमधली आभाळाची अरुंद पट्टी तेवढी उजळून उठते. कधी त्या पट्टीत खूप उंचावरून एखादं विमान मागावरच्या धोट्यासारखं एका काठाने शिरतं आणि दुसऱ्या काठाने निघून जातं. खाली आवाज पोचत नाही. मागे पांढरी रेघ उरते.

या शहराला आभाळाची असोशी फार. होटगी रस्त्यावर धावपट्टी होती, पण साखर कारखान्याची उंच चिमणी विमानाच्या वाटेत उभी होती. जून २०२३ मध्ये ती पाडली गेली, आणि जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. त्याआधीच्या कोरड्या वर्षांत विमान म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट. तशी मान वर करून रेघ विरताना पाहिली, की मला माजी हवाई दलप्रमुख प्रदीप वसंत नाईक आठवतात.

नागपुरात २२ जुलै १९४९ रोजी जन्मलेला हा मुलगा साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकला. ही देशातली पहिली सैनिक शाळा, १९६१ ची. तिथून खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आणि जून १९६९ मध्ये लढाऊ वैमानिक. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पहाटे उठणाऱ्या त्या मुलांना गडाच्या माथ्यावरून घिरट्या घालणारी घार दिसत असेल, पंख न हलवता वाऱ्यावर तरंगणारी, आणि त्यातल्या एखाद्याच्या छातीत काहीतरी हललं असेल, असं मला उगाचच वाटत राहतं.

मग मिग-२१. अंगाला घट्ट बसणारं, एकाच माणसाचं विमान. त्रिकोणी आखूड पंख, नाकाशी उघडं तोंड, आणि पाठीमागे सगळी आग. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं आणि उतरतानाही ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीकडे झेपावणारं हे यंत्र चुकीला जागा देत नसे. काचेच्या त्या लहानशा घुमटात बसलेल्या विशीतल्या तरुणाला स्वतःचा श्वास मुखवट्यातून ऐकू येतो, खाली नद्या दोऱ्यांसारख्या बारीक होत जातात, ढगांच्या वरचा उजेड असा पडतो की त्याला कुठल्याच गावाचा रंग नसतो, आणि उजव्या हाताच्या बोटाखाली, अगदी हलक्या दाबावर, एक कळ असते. १९७१ च्या डिसेंबरात नाईक बावीस वर्षांचे होते. त्या युद्धात ते लढले.

पुढची वर्षं भराभर जातात: मिग-२३, हवाई युद्धाचे डावपेच शिकवणारा प्रशिक्षक, मध्य हवाई कमांडचे प्रमुख, उपप्रमुख, आणि ३१ मे २००९ रोजी हवाई दलप्रमुख. माणूस हुद्द्याने चढत जातो तसतसं त्याचं आभाळ कमी होत जातं. शेवटी उरते दिल्लीतली खोली, टेबल, फायली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुण्याच्या लोहगावहून राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील वयाच्या ७४ व्या वर्षी सुखोईत बसून उडाल्या, तेव्हा जळगावकडची ती लेक आणि नागपूरचा हा वैमानिक या दोघांकडे मिळून देशाचं आभाळ सोपवलेलं होतं. त्या दिवसाचा मला अजून अभिमान वाटतो.

पण माझं मन थबकतं ते २०१० पाशी. एप्रिलमध्ये दंतेवाड्यात केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या जवानांसह ७६ जण मारले गेले. देश संतापला होता, आणि जंगलावर विमानं पाठवा, वरून मारा करा, अशी मागणी उघडपणे होऊ लागली. तेव्हा नाईकांनी जाहीरपणे सांगितलं, की सैन्यदलांना मर्यादित संहाराचं शिक्षण नसतं. त्यांची शस्त्रं सीमेपलीकडच्या शत्रूसाठी असतात. म्हणून नक्षलवादासारख्या प्रश्नात हवाई दल वापरायला आपण अनुकूल नाही. ज्याची उमेदीची सगळी वर्षं ती कळ अचूक क्षणी दाबायला शिकण्यात गेली, त्याने सर्वोच्च खुर्चीत बसून त्या कळीवरचं बोट मागे घेतलं. वरून बघणाऱ्याला जंगल नुसतं हिरवं दिसतं. त्या हिरव्याखाली चूल पेटलेली असते, मोहाची फुलं वेचणारी बाई असते, गुरांमागे धावणारं पोर असतं.

त्यांना ते दिसलं असावं.

नवी पेठेतून चालत निघालं, की थोड्याच वेळात चार हुतात्मा चौक येतो. मे १९३० मध्ये या शहरावर ब्रिटिशांनी मार्शल लॉ पुकारला. परक्यांच्या सरकारने का होईना, जिच्यावर राज्य करायचं त्याच वस्तीवर लष्कर सोडलं होतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. लष्कराची नजर गल्लीवर वळली म्हणजे काय होतं, हे या गावाने सोसलेलं आहे. म्हणून नाईकांच्या त्या तीन वाक्यांचं मोल सोलापूरकराला कुणी वेगळं समजावून सांगावं लागू नये. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत ती वाक्यं सर्वांत उंच वाटतात, मिग-२१ च्या कुठल्याही उड्डाणाहून उंच.

३१ जुलै २०११ रोजी ते निवृत्त झाले. पुढे नांदेडकडचे विवेक राम चौधरी २०२१ मध्ये त्याच पदावर बसले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगडला मिग-२१ ने शेवटची सलामी दिली. साताऱ्याच्या शाळेची दारं आता मुलींनाही उघडी आहेत, खडकवासल्याचीही. नवी पेठेतल्या ज्या घरातली लेक गच्चीवर उभी राहून ती पांढरी रेघ बघत असेल, त्या घरातल्या आईवडिलांनी तिला अर्ज भरू द्यावा. आणि तिला १९७१ सांगताना २०१० ही सांगावं.