अधिक श्रावणाचं वर्ष

२०२३चं कालनिर्णय रद्दीत टाकण्याआधी चाळलं. चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर आल्याच्या खुणा, मधेच आईच्या अक्षरात ‘अनारशाचं पीठ’. त्या वर्षी श्रावण दोन! १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक, मग निज. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडं. ती तूट भरायला साधारण पावणेतीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो आणि जावयांची चंगळ होते. गणपती मात्र लांबले, थेट १९ सप्टेंबरला.

२८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी. मुंबईत मुस्लिम मंडळींनी आपणहून जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, सरकारने २९ला सुट्टी दिली. पुढे शनिवार-रविवार, सोमवारी गांधी जयंती. सलग सुट्ट्यांमुळे आम्ही खूश. पण मला अजून अप्रूप वाटतं ते त्या समंजसपणाचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगसाठीसुद्धा कुणी एवढं सरकत नाही.

२३ ऑगस्टचा आकडा साधा काळा, सुट्टीबिट्टी काही नाही. त्याच संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलं. लक्ष्मीपूजन रविवारी आल्याने एक सुट्टी बुडाली. आणि १९ नोव्हेंबरच्या अहमदाबादच्या फायनलबद्दल न बोललेलंच बरं.